दिवस मोजून बाटल्या भरू नका

‘ड्राय हॉपिंग केल्यापासून चौथ्या दिवशी बाटल्या भराव्यात. हॉप्स घालण्याआधी ग्रॅव्हिटी स्थिर झाली असेल, तर पुन्हा मोजत बसण्याची गरज नाही.’ ओरेगनमधल्या आमच्या घरगुती बिअर करणाऱ्या मंडळींत सध्या एक टिपण हातोहात फिरतं आहे, त्याचा गाभा या दोन वाक्यांत आहे. टिपणकर्ते अनुभवी आहेत. त्यांची बिअर मी प्यायले आहे, ती उत्तम असते, आणि नव्या माणसाला हाताशी धरून शिकवण्याची त्यांची तळमळ खरी आहे. नेमकं त्यामुळेच हे टिपण मला धोक्याचं वाटतं. नवशिका माणूस त्यांचा शब्द प्रमाण मानेल, वीस लिटर बिअर काचेच्या बाटल्यांत भरेल, झाकणं दाबून बसवेल आणि खोकी पोरांच्या खोलीशेजारच्या कपाटात ठेवून देईल. त्या बंद बाटल्यांत पुढे काय घडतं याबद्दल टिपणात एक अक्षर नाही.

कायद्याची बाब आधी सांगते. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, आणि तिथे कोणी ती करावी असं मी सुचवत नाही. ब्रिटनमध्ये १९६३पासून आणि अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्यामुळे घरच्यापुरती बिअर करायला मुभा मिळाली. अशा ठिकाणी राहून हा छंद जोपासणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहिते आहे.

टिपणाचा पहिला आधार असा. हॉप्स म्हणजे वेलीची सुकवलेली फुलं. त्यांत साखर जवळजवळ नसते. यीस्टने खाण्याजोगं सगळं आधीच खाल्लेलं असतं. तेव्हा आंबून तयार झालेल्या बिअरमध्ये कोरडे हॉप्स टाकले, म्हणजेच ड्राय हॉपिंग केलं, की त्यांचा वास उतरतो, बाकी काही बदलत नाही. ऐकायला हे पटतं, कारण यातली पहिली तीनही विधानं जवळपास खरी आहेत. गोची आहे ती शेवटच्या निष्कर्षात.

माल्ट गरम पाण्यात भिजत असताना त्यातल्या पिष्टाचे तुकडे होतात. ग्लुकोज, माल्टोज असे लहान तुकडे यीस्ट खातं आणि त्यांचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. मोठे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत. ते तसेच राहतात आणि बिअरला तिचा भरीवपणा देतात. ग्रॅव्हिटी, म्हणजे बिअरची घनता, मोजणारा हायड्रोमीटर १.०१२वर येऊन थांबतो, तेव्हा ‘बिअरमधलं खाद्य संपलं’ असा त्याचा अर्थ नसतो. या यीस्टला आहे त्या रूपात खाता येईल असं काही उरलेलं नाही, इतकंच तो आकडा सांगतो. आता यात हॉप्स टाकले. हॉप्सच्या फुलांत साखर नसली तरी अमायलेज आणि अमायलोग्लुकोसायडेज ही विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात, आणि त्यांचं कामच मुळी डेक्स्ट्रिन तोडून लहान साखरा मोकळ्या करण्याचं. वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उकळताना घातलेल्या हॉप्समधली विकरं उकळीत नष्ट होतात. ड्राय हॉपिंगचे हॉप्स उकळलेले नसतात, त्यामुळे त्यांतली विकरं कामाची राहतात. यीस्टही मेलेलं नसतं, ते तळाशी बसलेलं असतं. नवं खाद्य मिळालं की ते पुन्हा कामाला लागतं. ग्रॅव्हिटी हळूहळू उतरू लागते. इंग्रजी बोलणाऱ्या ब्रुअरांनी याला ‘हॉप क्रीप’ म्हटलं, आणि आपल्याकडेही आता तोच शब्द रुळला आहे.

‘हे सगळं नव्या संशोधकांनी उभं केलेलं भूत आहे, जुन्या लोकांना असलं काही माहीत नव्हतं,’ असंही टिपणात आहे. हे विधान मला सगळ्यांत जास्त खटकलं, कारण जुन्या लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. १८९३ साली होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ड्राय हॉपिंगमधल्या हॉप्सच्या काही कार्यांवर निबंध प्रसिद्ध केला. दोघांची कर्मभूमी बर्टन-ऑन-ट्रेंट, पेल एलचं माहेरघर. पिंपात मूठभर हॉप्स टाकले की शांत झालेली एल पुन्हा जिवंत होते, तिच्यात वायू धरतो, हे तिथल्या कामगारांना ठाऊक होतं आणि ते त्यांना हवंच असे. ब्राउन आणि मॉरिस यांनी त्यामागचं कारण शोधलं. हॉप्समध्ये डायास्टेज आहे, म्हणजे पिष्ट तोडणारी विकरं आहेत, आणि यीस्टला न पचणारा उरलेला भाग ती पचण्याजोगा करून देतात, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढे १९४१मध्ये ब्रिटनच्या ‘जर्नल ऑफ द इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग’मध्ये हॉप्सच्या याच गुणावर पुन्हा एक शोधनिबंध आला. त्याच्या चार लेखकांत यानिकी, पार्कर आणि वॉकर यांच्या जोडीला एक आडनाव कोटस्थाने असं आहे. विषय आपल्याला परका नाही, तो मधल्या काळात विसरला गेला एवढंच.

विसरला का गेला, याचंही उत्तर आहे. बर्टनची एल मुंबई-कलकत्त्याला जहाजाने यायची ती लाकडी पिंपांतून, आणि त्यासाठी ती कित्येक महिने आधी तयार करून मुरवत ठेवत. पिंपाच्या तोंडाशी सच्छिद्र लाकडाची खुंटी असे, तिच्यातून जास्तीचा वायू निघून जाई. समुद्रावर पिंप फुटू नये म्हणून ग्रॅव्हिटी आधीच खूप खाली उतरू दिली जाई. पुढे विसाव्या शतकात कारखान्यांची बिअर गाळली जाऊ लागली, पाश्चराइझ होऊ लागली. यीस्टही गेलं, विकरंही गेली, आणि प्रश्नच उरला नाही. परंपरेचा दाखला द्यायचाच असेल तर तो पूर्ण द्यावा. परंपरा महिनोन्‌महिने थांबत होती आणि वायूला वाट ठेवत होती. चौथ्या दिवशी काचेच्या बाटलीला घट्ट झाकण लावण्याची परंपरा कुठेच नव्हती.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत न गाळलेल्या, भरमसाट हॉप्स घातलेल्या आयपीए (इंडिया पेल एल) आल्या आणि प्रश्न परत उभा राहिला. इथून जवळच कॉर्व्हॅलिसला ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटी आहे. कॅस्केड ही हॉप्सची जात तिथल्याच सरकारी पैदास-कार्यक्रमातून १९७२मध्ये बाहेर पडली. त्याच विद्यापीठात कर्कपॅट्रिक आणि शेलहॅमर यांनी २०१८मध्ये कॅस्केडमधली ही विकरं मोजली. तयार बिअरमध्ये लिटरला १० ग्रॅम कॅस्केड आणि यीस्ट घालून त्यांनी ती २० अंश सेल्सियसला ४० दिवस ठेवली. बिअरमधला उरलेला अर्क सुमारे २ अंश प्लेटोने घटला, अल्कोहोल एक टक्क्याहून जास्त वाढलं, आणि जो कार्बन डायऑक्साइड तयार झाला तो बिअरच्या आकारमानाच्या चौपटीहून अधिक होता. बंद बाटलीत तो असता, तर बाटली टिकली नसती.

‘तो प्रयोगशाळेतला टोकाचा प्रकार झाला,’ असं कोणी म्हणेल. मान्य. आपल्या घरच्या बिअरचा साधा हिशेब मांडू. आंबून झालेल्या बिअरमध्ये २० अंशांना सुमारे ०.८५ व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड आधीच विरघळलेला असतो. एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका वायू. बाटली भरताना लिटरला ६ ग्रॅम साखर घातली की त्यात साधारण १.६ व्हॉल्यूमची भर पडते. बेरीज २.४ च्या आसपास, पेल एलला हवी तेवढी. आता लक्षात ठेवण्याचा आकडा असा की बाटलीत ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट उतरला, म्हणजे १.०१२ची १.०११ झाली, की अंदाजे अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. बाटल्या भरल्यावर तीन पॉइंट उतरले तर एकूण ३.९ व्हॉल्यूम होतील. नेहमीच्या पातळ काचेच्या ३३० मिलीच्या बाटलीवर मी ३च्या वर भरवसा ठेवणार नाही. दाबाच्या भाषेत सांगायचं तर २० अंशांना २.४ व्हॉल्यूमची बाटली बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १.८ बार जास्त दाब सोसते. तीच बाटली ४ व्हॉल्यूमला जाऊन उन्हाळ्यात ३० अंशांच्या गॅरेजमध्ये राहिली, तर आतला दाब ५ बारच्या घरात जातो. जवळपास तिप्पट. आणि हे तीन पॉइंट काही अपवादाने उतरत नाहीत. माल्ट भिजवताना, म्हणजे मॅशचं, तापमान जास्त ठेवलेलं असेल, लवकर थांबणारं इंग्लिश यीस्ट असेल, लिटरला १० ग्रॅमच्या वर हॉप्स असतील, तर ते सहज उतरतात. अशा बिअरमध्ये डेक्स्ट्रिन भरपूर आणि विकरंही भरपूर.

टिपणकर्त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा अनुभवाचा आहे. वर्षानुवर्षं असंच करत आलो, एकही बाटली फुटली नाही, असं ते लिहितात. ते खरंच असणार. पण त्यांनी त्या काळात किती हॉप्स घातले, तेही पाहायला हवं. इंग्लिश पद्धतीच्या बिटरमध्ये ड्राय हॉपिंगला लिटरमागे एक-दोन ग्रॅम पुरत, आणि तेही बहुधा अखंड फुलं. आजच्या धूसर आयपीएला १०, १२, १५ ग्रॅम घातले जातात, तेही दळून दाबलेल्या गोळ्या, ज्या बिअरमध्ये पडताच विरघळून पसरतात. कृती बदलली, माल बदलला, प्रमाण पाच-दहापट झालं. जुन्या प्रमाणावर तपासलेला नियम नव्या प्रमाणाला लागू आहे असं अनुभव सांगत नाही. त्याबद्दल त्यांच्या अनुभवाला काही सांगताच येणार नाही.

चार दिवसांचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, आणि इथे मी टिपणकर्त्यांच्या बाजूची आहे. हॉप्स बिअरमध्ये जास्त काळ राहिले तर ओल्या गवतासारखी, पालेदार चव उतरते. सुगंध मात्र फार लवकर उतरतो. ओरेगन स्टेटमध्येच पीटर वुल्फ यांनी २०१२च्या प्रबंधात दाखवलं की गोळ्यांच्या रूपातले हॉप्स ढवळत ठेवले तर वासाची मुख्य तेलं एका दिवसाच्या आसपास बिअरमध्ये येऊन जातात. लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे जास्तीच्या हॉप्सचा फायदा झपाट्याने घटतो, हेही तिथल्याच पुढच्या कामातून दिसलं. म्हणून हॉप्स तीन-चार दिवसांत बाहेर काढा, हा सल्ला सुगंधासाठी रास्त आहे. घोळ इथे होतो की ‘हॉप्स काढायची वेळ’ आणि ‘बाटली भरायची वेळ’ या दोन वेळा टिपणात एकच मानल्या आहेत. हॉप्स काढले म्हणून विकरं निघून जात नाहीत. ती पाण्यात विरघळणारी प्रथिनं आहेत, पिशवी उचलली तरी ती बिअरमध्येच राहतात आणि आपलं काम करत राहतात. पिशवी चौथ्या दिवशी खुशाल काढा. फर्मेंटर मात्र आपल्या वेळेपर्यंत बंद राहू द्या. इडलीचं पीठ थंडीत घड्याळाने फुगत नाही हे आपल्या प्रत्येक घराला माहीत असतं. तिथे आपण भांड्याचं झाकण उघडून पाहतो आणि मग ठरवतो.

पण बिअरमध्ये नुसतं पाहून भागत नाही. एअरलॉकमधले बुडबुडे थांबणं ही खूण म्हणून टिपणात दिली आहे. ती निरुपयोगी आहे. झाकण जरासं गळत असेल तर आंबणं जोरात चालू असतानाही बुडबुडे दिसत नाहीत. उलट हॉप्सचे कण पडताच विरघळलेला वायू सुटतो, किंवा खोली तापते, आणि काही न आंबताच बुडबुडे येतात. बिअर निवळणं ही खूणही चालत नाही, कारण हॉप्समधले पॉलिफेनॉल आणि धान्यातली प्रथिनं मिळून जो धूसरपणा येतो तो आंबणं संपलं तरी जात नाही.

त्यामुळे आपण हायड्रोमीटरवर येतो, आणि तिथे आणखी एक सापळा आहे, ज्यावर फार थोडे लोक बोलतात. बरेच जण ड्राय हॉपिंगआधी २० अंशांना ग्रॅव्हिटी घेतात, मग हॉप्स घालतात, मग बिअर फ्रिजमध्ये थंड करून गाळ बसवतात, आणि थंडच नमुना घेऊन पुन्हा मोजतात. आकडा तोच येतो. समाधान होतं. पण ४ अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा घट्ट असतं, आणि २० अंशांसाठी आखलेला हायड्रोमीटर थंड नमुन्यात सुमारे दोन पॉइंट जास्त दाखवतो. म्हणजे बिअर प्रत्यक्षात दोन पॉइंट उतरलेली असते आणि काच सांगते की काहीच झालं नाही. दोन पॉइंट म्हणजे एक व्हॉल्यूम वायू. फसवणूक अगदी नको त्याच ठिकाणी होते. नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दोन भांड्यांत वरखाली करून त्यातला वायू घालवा, कारण चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात, आणि मगच वाचा. रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल तर अल्कोहोलची दुरुस्ती केल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नका.

थंड करण्याचा मुद्दा निघालाच आहे तर टिपणातला तोडगाही पाहू. ‘दोन दिवस थंड केलं की यीस्ट झोपतं, मग काळजी नाही.’ बिअर केगमध्ये भरून कायम फ्रिजमध्येच ठेवणार असाल, तर हे बऱ्याच अंशी चालेल. केगला दाब सोडणारी झडपही असते. पण आपण बोलतो आहोत बाटलीबद्दल, जिच्यात आपण मुद्दाम साखर घालतो आणि वायू धरावा म्हणून मुद्दाम ऊबदार जागी ठेवतो. झोपलेलं यीस्ट आपणच उठवतो. विकरं थंडीत मंदावतात, नष्ट होत नाहीत. ऊब मिळाली की तीही उठतात. आता कोणी म्हणतात, मग साखर कमी घालू, उरलेलं काम हॉप क्रीप करील. किती करील हे मोजलं नसेल तर हा हिशेब अंदाजावर उभा आहे, आणि अंदाज चुकला की तो काचेवर निघतो.

वायूखेरीज दुसरंही एक कारण आहे थांबण्याचं, आणि ते चवीचं आहे. यीस्ट नव्याने खाऊ लागलं की त्याच्यातून अल्फा-असिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर झिरपतो. त्याला वास नसतो. पण काही काळाने त्याचं आपोआप डायअसेटिल होतं, आणि त्याचा वास लोण्यासारखा, लोणी घातलेल्या मक्याच्या लाह्यांसारखा येतो. लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासही तो कळतो. ताकदवान यीस्ट हे डायअसेटिल पुन्हा शोषून निर्गंध करून टाकतं, त्याला काही दिवस मिळायला हवेत. बिअर चौथ्या दिवशी बाटलीत गेली तर चाखताना निर्दोष लागते आणि महिन्याने आंब्याचा, संत्र्याचा सगळा सुगंध लोण्याखाली दबून जातो. बाटलीतलं यीस्ट कधीकधी हे दुरुस्त करतं, हे खरं. नेहमी करत नाही. डायअसेटिल होऊच नये म्हणून बाजारात एएलडीसी हे विकर मिळतं, ते या एका दोषावर चालतं, दाबावर त्याचा काही उपयोग नाही.

आता टिपणातला शेवटचा आक्षेप, आणि तो मी गंभीरपणे घेते. दर वेळी नमुना काढला की ऑक्सिजन आत जातो, आणि हॉप्सच्या बिअरचा त्याच्याइतका मोठा शत्रू दुसरा नाही. धूसर आयपीएचा सोनेरी रंग काही आठवड्यांत मळकट होतो, फळांचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याची चव येते. झाकण उघडून रोज नमुना काढणं खरोखर वाईट आहे. पण यावरून ‘मोजूच नका’ असा निष्कर्ष निघत नाही. फर्मेंटरला खाली नळ असेल तर झाकण न उघडता पाऊण पेला काढता येतो. शिवाय ड्राय हॉपिंगनंतर यीस्ट पुन्हा आंबवत असतं, त्या वेळी ते आत आलेला थोडा ऑक्सिजन वापरूनही टाकतं. हॉप क्रीप फर्मेंटरमध्ये पूर्ण होऊ देण्याचा हाही एक फायदा आहे. आणि बाटल्या भरताना जेवढी हवा लागते, त्यापुढे दोन नमुन्यांची हवा किरकोळ आहे.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे मुख्य बिअरला हातच न लावता उत्तर मिळवणं. ड्राय हॉपिंगच्या दिवशी अर्धा लिटर बिअर वेगळी काढा. तिच्यात फर्मेंटरमध्ये घालणार त्याच प्रमाणात त्याच पुड्यातले हॉप्स घाला, वर चिमूटभर कोरडं यीस्ट टाका, तोंडाला सैल फॉइल लावा, आणि बाटली २५ अंशांच्या आसपास ठेवून येता-जाता हलवत राहा. इथे ऑक्सिजनची पर्वा करायची नाही, ही बिअर प्यायची नाही. ऊब आणि जास्तीचं यीस्ट यांमुळे इथे ग्रॅव्हिटी मुख्य बिअरच्या आधी उतरून थांबते. समजा, हॉप्स घालताना १.०१२ होती आणि ही चाचणी १.००९वर थांबली. तुमच्या फर्मेंटरमधल्या बिअरला कुठवर जायचं आहे, ते आता तुम्हाला माहीत आहे. ती १.०१२लाच असताना बाटल्या भरल्या तर काय होईल, हेही माहीत आहे. एकदा काढलेला आकडा दुसऱ्या पुड्याला लावू नका. जातीगणिक, मळ्यागणिक आणि हॉप्स किती तापमानाला वाळवले त्यावर विकरांचं बळ बदलतं.

मग बाटल्या भरायच्या कधी? फर्मेंटर १८ ते २० अंशांना ठेवून, हॉप्स घातल्यावर घेतलेल्या आणि तीन दिवसांच्या अंतराने तपासलेल्या दोन वाचनांत ग्रॅव्हिटी हलली नसेल आणि ती चाचणीच्या आकड्याला टेकली असेल, तेव्हा. अंतर तीन दिवसांचं म्हणते, कारण हॉप क्रीप मंद असतो आणि साध्या हायड्रोमीटरवर दोन-दोन पॉइंटांच्या रेघा असतात. आज आणि उद्या सारखंच दिसलं, यात काही सिद्ध होत नाही. ०.९९० ते १.०२० एवढ्याच पट्ट्याचा बारीक रेघांचा हायड्रोमीटर मिळतो, तो घ्या. त्याच दिवशी बिअरचे दोन नमुने काढा. एक झाकून ६० ते ७० अंशांच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, मग दुसऱ्याइतका थंड करून दोन्हींचा वास घ्या. तापवलेल्याला लोण्याचा वास आला तर बिअरमध्ये अजून कच्चा माल शिल्लक आहे, आणखी दोन-तीन दिवस द्या. एवढं जमलं की मग हवं तर थंड करा, गाळ बसवा, साखर घाला आणि भरा. कधी हे सगळं सहाव्या दिवशी जुळून येतं, कधी पंधराव्या. ज्याला थांबायचा कंटाळा आहे त्याने हॉप्स थोडे आधी घालावेत, शेवटचे तीन-चार पॉइंट उतरायचे बाकी असताना. यीस्ट जोमात असतं, नवी साखर आणि डायअसेटिल दोन्ही त्याच ओघात निस्तरली जातात.

टिपण वाचून ज्यांनी गेल्या काही आठवड्यांत बाटल्या भरल्या आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. खोकी लहान मुलांच्या वावरापासून लगेच दूर करा, आणि ऊबदार जागी असतील तर उचलण्याआधी डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे आणि अंगात लांब बाह्यांचे कपडे घाला. खोक्यावर जाड चादर टाकून ते फ्रिजमध्ये किंवा मिळेल त्या सर्वांत थंड जागी ठेवा. पुरतं थंड झाल्यावर एक बाटली मोरीत उघडून पाहा. फेस उसळून बाहेर आला, तर प्रत्येक बाटलीचं झाकण थंड असतानाच जरासं सैल करून वायू सोडा आणि नवं झाकण बसवा, किंवा सगळी बिअर थंडच ठेवून लवकर संपवा. उघडलेल्या बाटलीतली थोडी बिअर वायू घालवून खोलीच्या तापमानाला आणा आणि हायड्रोमीटर बुडवा. बाटलीत घातलेल्या साखरेचा हिशेब सोडून, भरतानाच्या आकड्यापेक्षा ग्रॅव्हिटी खाली गेलेली दिसली, तर उरलेल्या बाटल्या पुन्हा ऊबेत नेऊ नका.